चावीचा स्विच: जुन्या स्प्लेंडरच्या प्रकल्प नोंदी

२८ मे २०२५, बुधवार

गाडी स्प्लेंडर, १९९९ची, एमएच-०३. मॉडेल १९९४ला बाजारात आलं तेव्हाचंच जवळजवळ: ९७.२ सीसी, चार गिअर, किक. बाबांनी नवी घेतली होती, आता माझ्याकडे. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी करावं लागतं ते पासिंग गेल्या वर्षी तिसऱ्यांदा झालं, म्हणजे कागदोपत्री तरी गाडी २०२९पर्यंत ठणठणीत.

तक्रार: भिजली की बंद पडते. यंदा मान्सून मुंबईत २६ मेलाच येऊन धडकला, इतका लवकर तो आल्याची नोंद नाही, आणि त्याच दिवसापासून गाडीचं रडगाणं सुरू झालं. कोरडी असली की एका किकला चालू. पावसात दहा-पंधरा मिनिटं चालवली की आधी आयडलिंगला फडफडते, मग सिग्नलला रेस सोडली की मरते. रेस धरून ठेवली तर ओढते, पण मिस मारत ओढते. कुठेतरी शेडखाली जरा वेळ उभी केली की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू.

आज एलबीएस रोडवर मुलुंडला बंद पडली तेव्हा लगेच किक न मारता काय काय चालू आहे ते बघून घेतलं. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागलेला. इंडिकेटर चालतात. हॉर्न वाजतो, जरा बसका, पण तो पावसाच्या आधीपासूनच बसका आहे. हेडलाइट अर्थातच नाही. या गाडीचा हेडलाइट बॅटरीवर नसतो, मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या चुंबकाच्या, कॉइलवर थेट असतो, इंजिन फिरेल तेव्हाच लागतो.

येणाऱ्या-जाणाऱ्या फॉल्टला वही लागते. कामावर प्रत्येक लिफ्टच्या मशीन रूममध्ये रजिस्टर असतं, तसंच हे.

३० मे, शुक्रवार

नाक्यावरच्या गॅरेजात दाखवली. मिस्त्रीने किक मारली, दोनदा रेस दिली आणि निकाल लावला: "सीडीआय गेलाय, दादा. नवा टाकून बघू."

सीडीआय म्हणजे प्लगची ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा. नको म्हटलं. गाडी त्याच्यासमोर व्यवस्थित चालली होती. आणि इलेक्ट्रिकचा पार्ट एकदा लावला की दुकानदार परत घेत नाही, त्यामुळे "टाकून बघू" मधलं "बघू" आपल्याच खिशातून जातं.

जे नाहीतरी करायचं होतं ते उरकलं. प्लग नवा, प्लग कॅप नवी, एचटी वायरचं, म्हणजे कॉइलकडून प्लगला जाणाऱ्या हाय टेन्शन वायरीचं, काळवंडलेलं टोक पाव इंच कापून ताजं तांबं कॅपच्या स्क्रूवर बसवलं. कार्ब्युरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेतलं आणि उजेडात धरलं. तळाला पाण्याचा थेंबही नाही. टाकीत पाणी शिरत असेल ही शंका मिटली.

१ जून, रविवार

पावसाने दडी मारली. फॉल्ट बघायला मिळणार नाही, पण वायरिंग बघायला मिळेल. हेडलाइट सोडवून बाजूला टांगला. समोरचे बहुतेक कपलर, म्हणजे वायरींचे खोचायचे जोड, त्याच्या वाटीत कोंबलेले असतात, ते एकेक करून बाहेर ओढले आणि पुठ्ठ्यावर नकाशा काढला.

चावीच्या स्विचमधून चार वायरी येतात. लाल म्हणजे बॅटरीचा प्लस. काळी म्हणजे चावी फिरवल्यावर मिळणारा प्लस, तिच्यावर हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट, न्यूट्रल. हिरवी म्हणजे अर्थ, गाडीच्या बॉडीला जोडलेली. काळी-पांढरी, म्हणजे काळ्यावर पांढरा पट्टा असलेली, सीडीआयला जाते. घरच्या वायरिंगचा हात असलेल्याने इथे सांभाळावं: हिरवी तीच, अर्थ, पण घरातली काळी न्यूट्रल असते आणि इथली काळी चक्क प्लस.

वायरी चार, चावी एक, पण आत स्विच दोन आहेत आणि ते एकमेकांना ओळखतही नाहीत. चावी ऑन केली की लाल आणि काळी जोडल्या जातात, आणि काळी-पांढरी मोकळी सुटते. ऑफ केली की लाल-काळी तुटतात, आणि काळी-पांढरी हिरवीला, म्हणजे अर्थला जाऊन चिकटते.

कारण या गाडीचा सीडीआय बॅटरीचं खातच नाही. बॅटरी काढून ठेवली तरी गाडी किकवर चालू होते. मॅग्नेटमध्ये एक वेगळी कॉइल आहे, तिचा एसी करंट सीडीआयमधला कपॅसिटर दोनेकशे व्होल्टपर्यंत भरतो. पिकअप कॉइलचा इशारा आला की तो कपॅसिटर एचटी कॉइलमध्ये रिकामा होतो आणि प्लगला ठिणगी पडते. मग इंजिन बंद कसं करायचं? तर त्या कॉइलचा करंट काळ्या-पांढऱ्या वायरीतून थेट बॉडीला सोडून द्यायचा. कपॅसिटर भरायला काही उरत नाही, इंजिन थांबतं. हँडलवर वेगळा किल स्विच नाही, हे सगळं काम चावीच्याच स्विचकडे.

लिफ्टवाल्याला हे उलटं वाटतं. आमच्याकडे दारांची लॉक, पिटचा (तळाच्या खड्ड्यातला) स्विच, गव्हर्नरचा (वेग वाढला की उघडणारा) स्विच सगळे एका माळेत, सिरीजमध्ये. कुठेही तार तुटली, कॉन्टॅक्ट उघडला, की लिफ्ट जागच्या जागी थांबते. इथे तार तुटली तर गाडी थांबतच नाही. आणि जिथे जोड नको तिथे थोडासा जरी जोड झाला, तर चालती गाडी मरते.

याचा अर्थ, बंद पडल्यावर न्यूट्रलचा दिवा लागतोय म्हणून "स्विच ठीक आहे" म्हणणं निम्मंच खरं. दिवा फक्त लाल-काळीची साक्ष देतो. काळ्या-पांढरीबद्दल त्याला काही माहीतच नाही.

संशयित आता असे: काळी-पांढरी हँडलच्या मानेजवळ घासून बॉडीला लागत असेल. किंवा स्विचच्या आत पाणी जाऊन ती अर्थला झिरपत असेल. किंवा मिस्त्री म्हणतो तसा सीडीआय, किंवा एचटी कॉइल ओली झाल्यावर बाहेरच्या बाहेर करंट सोडत असेल.

३ जून, मंगळवार

तळमजल्यावरचे काका बेस्टच्या वडाळा डेपोतून निवृत्त झालेत, बसच्या इलेक्ट्रिकमध्ये उभं आयुष्य गेलं. संध्याकाळी जिन्यात पुठ्ठ्यावरचा नकाशा दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो नाकापाशी धरला.

"पाऊस आहे का?"

"नाही ना काका, तीच तर अडचण आहे."

"मग पाड की. इस्त्रीचा फवारा नाही का घरात?"

मग त्यांनी एक अट घातली, आणि ती मला पटली: सगळीकडे एकदम पाणी मारायचं नाही. एका जागी मारायचं, थांबायचं, घड्याळ बघायचं, काही झालं नाही तर पुसून कोरडं करायचं आणि मगच पुढची जागा. "नाहीतर तुझ्या मिस्त्रीत आणि तुझ्यात फरक काय राहिला?"

७ जून, शनिवार

संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडी मेन स्टँडवर, इंजिन गरम करून आयडलिंगला. हाफ-डेमुळे उजेड मिळाला. सीट आणि टाकी उतरवली होती, म्हणजे वायरिंग मोकळं. पेट्रोलसाठी छोटी बाटली उंचावर टांगून नळी कार्ब्युरेटरला. (हे करताना बाटली सायलेन्सरपासून लांब, आणि कुणी बिडी ओढत जवळ आलं तर हाकलायचं.)

प्लग कॅप आणि एचटी वायरवर फवारा. काही नाही. अंधार पडल्यावर हे परत केलं. ओल्या वायरीवरून करंट बाहेर पळत असेल तर अंधारात निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. दिसल्या नाहीत.

एचटी कॉइल. काही नाही.

सीडीआय आणि त्याचा कपलर. काही नाही. म्हणजे ओलाव्यापुरता तरी तो सुटला.

हँडलच्या मानेतून जाणारा वायरिंगचा जुडगा: आधी ओला केला, मग हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, जुडगा हाताने पिळला. इंजिनाचा आवाज बदलला नाही.

चावीचा स्विच. वरून, चावीच्या भोकाकडे फवारा मारला. अर्ध्या मिनिटात आयडलिंग फडफडायला लागलं, रेस दिल्यावर सावरलं, सोडल्यावर मेलं. रस्त्यावर होतं तसंच, तंतोतंत. हेअर ड्रायरने वाळवल्यावर पुन्हा पहिल्या किकला चालू. परत भिजवलं, परत मेली.

वहिनीचा ड्रायर परत देऊन आलो. ग्रीसचे डाग पुसून.

८ जून, रविवार

कालचा पुरावा पक्का, पण एक फट राहते: स्विचवर मारलेलं पाणी खाली ओघळून कपलरपर्यंतही जातं. म्हणून आज स्विच वायरिंगपासून वेगळा करायची चाचणी.

हेडलाइटच्या वाटीत स्विचचा चार पिनांचा कपलर सोडवला. आता काळी-पांढरी कुठेच जोडलेली नाही, आणि अर्थला तर नाहीच. किक मारली, गाडी चालू. चावी घरात खुंटीला टांगलेली होती हे नमूद करायला हवं. या अवस्थेत गाडीला चावी म्हणजे नुसता दागिना, त्यामुळे कपलर सुटा ठेवून गाडी खाली सोडून वर जेवायला जाऊ नये.

कपलर प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा गुंडाळून ठेवला आणि स्विच सरळ मगभर पाण्याने भिजवला. इंजिन मजेत. कितीही वेळ थांबलो तरी मजेत.

बंद करण्यासाठी वायरिंगच्या बाजूच्या काळ्या-पांढरीला एक इन्सुलेटेड तुकडा लावून दुसरं टोक इंजिनाच्या बोल्टला टेकवलं. टेकवल्याक्षणी थांबलं. म्हणजे ही वायर सीडीआयपर्यंत शाबूत आहे हेही त्यातच कळलं. काका खिडकीतून ओरडले: "उघड्या तांब्याला बोट लावू नकोस!" बरोबर आहे, इंजिन फिरत असताना त्या वायरीवर बारा व्होल्ट नसतात, चांगला दणका बसतो. साधा टेस्टिंग बल्बही तिथे लावू नये.

कपलर परत जोडला, स्विच ओलाच होता. किक मारून मारून दमलो, चालू होईना.

फॉल्ट स्विचच्या आत. इथे शोध संपला, पण नेमकं काय होतंय ते बघितल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

जाता जाता दुसऱ्या जोडीचीही तपासणी केली, बसक्या हॉर्नसाठी. मागच्या ब्रेकचं पॅडल रबराच्या पट्ट्याने दाबून बांधलं, म्हणजे २१ वॅटचा ब्रेकलाइट सतत चालू, साधारण पावणेदोन अँपियर. मीटरची एक पिन लालला, दुसरी काळीला, व्होल्टवर: ०.९. स्विचच्या दोन टोकांत जवळजवळ एक व्होल्ट गायब. चांगल्या कॉन्टॅक्टवर ही घट शून्याच्या आसपास असायला हवी, ०.२च्या वर गेली तर मी तरी त्याला आजारी म्हणतो. ०.९ भागिले १.७५, म्हणजे अर्धा ओहम त्या पितळी कॉन्टॅक्टवर बसलाय. हॉर्नचा घसा तिथेच बसला होता.

ही घट कंटिन्युइटीच्या, म्हणजे जोड आहे की नाही एवढंच सांगणाऱ्या, बीपवर कळत नाही. अर्ध्या ओहमलाही मीटर खुशाल बीप देतो. लोड चालू ठेवून व्होल्ट मोजले तरच कळते.

१० जून, मंगळवार

स्विच काढून डब्यात घालून कामावर नेला. आमच्याकडे मोटरच्या वाइंडिंगसाठी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, असतो.

आधी साधा मल्टिमीटर, चावी ऑन, काळी-पांढरी ते हिरवी, स्विच पूर्ण कोरडा. कंटिन्युइटी: आवाज नाही. २०० ओहमची रेंज: ओपन. इथवर कुणीही "स्विच ओके" म्हणून मोकळा होईल. २० मेगाओहमच्या रेंजवर १.४ दाखवला, आणि तो हलत होता.

मग मेगर. त्याच दोन वायरी, ५०० व्होल्ट: ०.२ मेगाओहम. नव्या स्विचला इथे काटा टोकाला, म्हणजे अनंतावर, जाऊन बसायला हवा. मल्टिमीटर एक-दोन व्होल्टांवर मोजतो. गाडीत तिथे शेकड्याने व्होल्ट असतात. जे एक-दोन व्होल्टांना अडतं ते शेकड्याला अडेलच असं नाही.

नंतर चावीच्या भोकात ड्रॉपरने पाणी सोडलं. मेगरचा काटा शून्यावर झोपला. मल्टिमीटरने ५ किलोओहमच्या आसपास.

हिशेब जुळतो. कोरडं असताना २०० व्होल्टांना ०.२ मेगाओहम म्हणजे एक मिलिअँपियरची चोरी, सीडीआयला पत्ताही लागत नाही. ओलं झाल्यावर ५ किलोओहम, म्हणजे ४० मिलिअँपियर. त्या इवल्याशा कॉइलकडे मग कपॅसिटर भरायला काय उरणार? आणि आयडलिंगला मॅग्नेट हळू फिरतो, कॉइलचं उत्पन्न आधीच कमी, म्हणून आधी तिथे मरते आणि रेसवर तग धरते.

मेगर लावायचा तर स्विच गाडीतून पूर्ण सुटा करूनच. कपलर जोडलेला ठेवून ५०० व्होल्ट सोडले तर मिस्त्रीचं म्हणणं खरं होईल, सीडीआय जाईल.

१३ जून, शुक्रवार

खरेदी. लॅमिंग्टन रोडला कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, सिलिकॉन ग्रीसची ट्यूब, हीट श्रिंक (गरम केली की वायरीवर आवळणारी नळी). तिथल्या दुकानदाराने डब्लूडी-४० पुढे केला. तो पाणी हटवायला उत्तम, त्याच्या नावातली अक्षरंच त्या कामाची आहेत. पण आत राहून धूळ धरतो, स्विचच्या पोटात मला नको.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडला नवा स्विच. पूर्ण लॉक सेटही मिळत होता: चावीचा स्विच, टाकीचं झाकण, साइड पॅनलचं लॉक. घेतला नाही. बाबांची किल्ली पंचवीस वर्षांची आहे, ती बदलायची नाही. नुसता स्विच घेतला, तोही लॉकसाठी नाही, त्याच्या पोटातल्या कॉन्टॅक्टच्या थाळीसाठी.

१५ जून, रविवार

पाऊस परत जोरात. जुना स्विच उघडला.

मागचं झाकण तीन प्लास्टिकच्या कानांवर असतं. बारीक पेचकस एका कानात, दुसरा दुसऱ्यात, हळूहळू. उघडताना स्विच पिशवीत धरून उघडायचा, आत स्प्रिंग आणि छर्रा असतो आणि तो एकदा कॉटखाली गेला की गेला.

आत: काळी थाळी, तिच्यावर चार पितळी टिकल्या, प्रत्येक वायरीची एक. लॉकच्या शेपटीला बसणारा फिरता तुकडा, त्याच्या पोटात दोन तांब्याच्या पट्ट्या स्प्रिंगवर. ग्रीस एके काळी पिवळट असावं. आता काजळासारखं, आणि नखावर घेतलं तर त्यात पितळेची कणी चमकते. पंचवीस वर्षं चावी फिरवून टिकल्यांचं घासलेलं पितळ. लाल आणि काळीच्या टिकल्यांवर करपल्याचे खड्डे, कडेने हिरवा थर. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात खाडीची हवा, पितळाला हिरवं यायला निमित्त लागत नाही.

आणि मुख्य मुद्देमाल. काळ्या-पांढरीच्या टिकलीपासून हिरवीच्या टिकलीपर्यंत, थाळीच्या प्लास्टिकवर, केसाएवढी तपकिरी रेघ. मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघितली: सरळ नाही, दोन फाटे फुटलेली, मध्ये जराशी चकाकती. ग्रीसमधल्या कणीवरून करंट झिरपत झिरपत प्लास्टिक भाजून कोळशाची वाट तयार झाली होती. कोळसा ओलावा धरतो, बाकी काम पावसाचं.

पाणी आत का राहत होतं तेही दिसलं. चावीच्या भोकावरची सरकती पापणी कधीच मोडून पडलीय, आणि झाकणाच्या तळाशी पाणी निघायची जी फट आहे ती वाळलेल्या चिखलाने बुजली होती. वरून आत, खालून बाहेर नाही.

थाळी साफ केली. ब्लेडच्या टोकाने रेघ खरवडली, कॉन्टॅक्ट क्लीनर, वाळवणं. टिकल्या दोन हजार नंबरच्या पेपरने हलक्या हाताने.

१६ जून, सोमवार

साफ केलेली थाळी मेगरवर: कोरडी, काटा टोकाला. छान. पाण्याचा फवारा मारून झटकली: ३ मेगाओहम. अजून चालेल. पण वाळवून पुन्हा भिजवल्यावर १ च्या खाली, आणि तिसऱ्यांदा त्याहून खाली. खरवडलेल्या प्लास्टिकची खरबरीत खाच पाणी धरून बसते, आणि कोळसा थोडाफार आत मुरलेला असणारच. ग्रीस लावून पावसाळा निघेल कदाचित. पण रात्री हायवेवर बंद पडलेली गाडी ढकलत आणायची असेल तर "कदाचित" पुरत नाही. नवी थाळी बसवायची.

नव्या स्विचचा कपलर गाडीत खोचण्याआधी मीटर लावला, आणि बरं झालं. वायरींचे रंग जुन्यासारखे नाहीत: काळी-पांढरीच्या जागी नुसती पांढरी, आणि कपलरमध्ये ती आणि काळी अदलाबदल केलेल्या. तसाच खोचला असता तर चावी ऑन केल्यावर सीडीआयच्या वायरीवर बॅटरीचा प्लस गेला असता. बाजारातल्या पार्टवर रंगाचा भरवसा ठेवू नये, कोणत्या टिकलीची कोणती वायर हे मीटरच सांगतो. पिना काढून जागा बदलल्या.

नवी थाळी जुन्या लॉकच्या शेपटीवर बसली. खाच जराशी घट्ट होती, कानसीचे दोन हात मारले. सिलिकॉन ग्रीस फिरत्या तुकड्याच्या कडांना, टिकल्यांवर अगदी पुसट. छर्रा, स्प्रिंग, झाकण. तळाची फट सुईने मोकळी. वायरी हीट श्रिंकमध्ये, आणि कपलरच्या आधी वायरीला खाली एक झोळ दिला, म्हणजे ओघळ झोळाच्या तळाशी टपकेल, कपलरमध्ये उतरणार नाही.

बांधलेल्या स्विचचे आकडे. ऑन, काळी-पांढरी ते हिरवी: मेगरचा काटा टोकाला, कोरडा आणि ओला दोन्ही. ऑफ, त्याच दोन: ०.३ ओहम, आणि मीटरच्या पिना एकमेकींना टेकवल्या तरी ०.३च येतो, म्हणजे कॉन्टॅक्टचा शून्य. दुसरा आकडा विसरायचा नाही. तो बिघडला तर गाडी चावीने बंद होणार नाही. ब्रेकलाइट चालू ठेवून लाल-काळीतली घट: ०.०६ व्होल्ट. हॉर्न वाजवून बघितला तर शेजारचं कुत्रं उठून बसलं.

२१ जून, शनिवार

आठवडाभर रोज भिजली. विक्रोळीचा नवा पूल गेल्या शनिवारी सुरू झालाय, त्यामुळे हायवेवरून थेट एलबीएसला उतरता येतं. मुलुंडला जाताना सिग्नलला मुद्दाम रेस पूर्ण सोडून उभा राहतो. आयडलिंग हलत नाही.

चावीच्या भोकाला झाकण म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला. दिसायला वाईट आहे. राहू दे.

६ जुलै, रविवार

आषाढी. खिचडी खाऊन खाली उतरलो तर नाक्यावरचा मिस्त्री दुसरी एक स्प्लेंडर घेऊन दारात. हिची तक्रार तीच, पावसात बंद. जुनी थाळी मी जपून ठेवलीय, ती रेघ त्याला दाखवली होती, तेव्हापासून तो चावीच्या स्विचवर डोळा ठेवून आहे.

"दादा, ती काळी-पांढरी कुठली म्हणालात?"

दोघांनी मिळून हेडलाइट उघडला, कपलर सोडवला, किक मारली. चालू नाही. चार-पाच किका, ठिणगीच नाही. वायर मोकळी असून ठिणगी नाही म्हणजे स्विच निर्दोष. मॅग्नेटच्या कॉइलचे आणि पिकअपचे ओहम मोजले, माझ्या गाडीच्या कॉइलशी ताडले, दोन्ही ठीक. मग माझ्या गाडीचा सीडीआय काढून तिला लावला.

पहिल्या किकला सुरू झाली. तिचा सीडीआयच गेला होता. मिस्त्री माझ्याकडे बघून जे हसला ते लिहून ठेवण्यासारखं नाही. माझा सीडीआय परत लावून घेतला, दोन्ही कपलरना ग्रीस लावलं.

बाकी: मागच्या ब्रेकच्या स्विचची स्प्रिंग ताणलीय, पॅडल बरंच दाबल्यावरच ब्रेकलाइट लागतो. स्प्रिंग मिळाली की बघू.